सीव्ही दोनदा लिहून घेतला: एकदा चोवीसशे रुपयांत, एकदा दीडशेत

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण दुकानवाल्या काकांनीच बजावलंय. "ताई, कौतुक करायचं तर करा, पण नाव टाकू नका. अ‍ॅडमिशनचे फॉर्म सुरू झाले की मला डबा उघडायला वेळ मिळत नाही." तेव्हा एवढंच सांगते की दुकान आकुर्डीत आहे आणि पाटीवर 'झेरॉक्स' हा शब्द दुकानाच्या नावाच्या चौपट मोठा आहे. आत दोन कॉम्प्युटर, एक खडखडणारं झेरॉक्स मशीन, लॅमिनेशन, आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं कव्हर घातलेला मराठी टाइपरायटर. काकांचा पूर्वी टायपिंगचा क्लास होता. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षेला बसलेली अर्धी आकुर्डी त्यांच्या हाताखालून गेली आहे.

मी अकाउंटंट. वय ४४. भोसरी एमआयडीसीत एका मशिनिंगच्या कंपनीत दहा वर्षं काढली. मालकांची मुलं कॅनडाला गेली, त्यांनी शेड विकली आणि २०२५ च्या मे महिन्यात आम्हाला पेढे आणि हिशेब एकाच दिवशी मिळाला. शेवटचा सीव्ही मी २०१५ मध्ये केला होता. त्यात दहावीचे टक्के होते (६१.४०), छंद होते (वाचन, विणकाम), आणि 'फादर्स नेम' या रकान्यात सासऱ्यांचं नाव होतं. ते कसं झालं कुणास ठाऊक, पण त्याच सीव्हीवर मला नोकरी लागली होती.

या वेळी म्हटलं, नीट करू. इंटरनेटवर एक सेवा सापडली. नाव नको, अशा बऱ्याच आहेत आणि सगळ्यांच्या जाहिराती एकसारख्याच. 'तुमच्या अनुभवाच्या पातळीनुसार' पैसे, म्हणजे जितकी वर्षं जास्त तितकं बिल जास्त. मला चोवीसशे रुपये पडले. फॉर्म भरला, जुना सीव्ही जोडला. एका मुलीचा सहा मिनिटांचा फोन आला आणि पाच दिवसांनी पीडीएफ.

उघडल्या उघडल्या मन हरखलं, खोटं कशाला बोलू. डाव्या बाजूला गडद निळा पट्टा, त्यात माझा गोल फोटो, फोनच्या जागी फोनचं चिन्ह, पत्त्याच्या जागी टाचणीचं चिन्ह. टॅलीला पाचपैकी चार तारे, एक्सेलला साडेतीन. आणि भाषांच्या खाली भरलेल्या पट्ट्या: इंग्रजी ७० टक्के, हिंदी ८० टक्के, मराठी ९० टक्के. मराठी नव्वद! चिंचवडच्या मराठी शाळेत शिकले, आयुष्यभर मराठीतच भांडले, उरलेले दहा टक्के यांनी कुठे कापले ते विचारायचं राहूनच गेलं.

मजकूर मात्र वाचवेना. पहिलीच ओळ 'रिझल्ट-ड्रिव्हन फायनान्स प्रोफेशनल'. पुढे मी जीएसटी कम्प्लायन्स 'स्पिअरहेड' केला होता. माझी भाची हिंजवडीत एका आयटी कंपनीत एचआरला आहे, तिला अर्थ विचारला. ती म्हणाली, "मावशी, भाल्याचं टोक. म्हणजे तू पुढे होऊन केलंस." भोसरीच्या शेडमध्ये मी भाला घेऊन उभी राहिले ते फक्त एकदाच, छतातली पाल हाकलायला, आणि तोसुद्धा झाडू होता.

याहून वाईट गोष्ट खाली होती. कौशल्यांच्या यादीत त्यांनी 'एसएपी' हे मोठ्या कंपन्यांतलं सॉफ्टवेअर घातलं होतं. मी एसएपी उघडलेलंसुद्धा नाही. मेल केला तर उत्तर आलं की तुमच्या क्षेत्रातले कीवर्ड टाकावे लागतात, नाहीतर सॉफ्टवेअर सीव्ही उचलत नाही. आणि २०१२ ते २०१५ मी सासूबाईंच्या अर्धांगवायूमुळे घरी होते, ती तीन वर्षं त्यांनी तारखाच काढून टाकून गायब केली होती. म्हणजे एकीकडे न केलेलं काम आलं आणि दुसरीकडे जगलेली वर्षं गेली.

हे सॉफ्टवेअरचं प्रकरण काय ते भाचीने समजावलं. मोठ्या कंपन्यांत आणि पोर्टलवर आलेल्या सीव्हीतून नाव, फोन, अनुभव, कौशल्यं एक प्रोग्रॅम उचलून रकान्यांत भरतो. मग भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो, आपण टॅलीत लेजर शोधतो तसं. त्यामुळे कामाचे खरे शब्द सीव्हीत हवेत हे बरोबर. पण दोन कॉलम, चौकटीतला मजकूर आणि चिन्हं आली की काही प्रोग्रॅम गोंधळतात. तिने एक साधी चाचणी सांगितली, ती सगळ्यांनी करावी. पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये चिकटवायचा. मी चिकटवला. माझ्या फोन नंबरच्या मध्येच 'बँक रिकन्सिलिएशन' आलं होतं आणि ताऱ्यांच्या जागी नुसते चौकोन. शिवाय फाइल साडेतीन एमबीची. नोकरी डॉट कॉमवर २ एमबीच्या वर फाइल चढत नाही, त्यामुळे ही सुंदर वस्तू तिथे लावताच येईना.

"आणि मावशी," भाची म्हणाली, "आम्ही बऱ्याचदा मोबाइलवर बघतो. निळा पट्टा दिसतो, अक्षर दिसत नाही."

तर चोवीसशे गेले. काकांच्या दुकानात मी खरं म्हणजे त्या पीडीएफची रंगीत प्रिंट काढायला गेले होते.

काकांनी प्रिंट काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचायला लागले. कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा कागद वाचायचा ही त्यांची सवय आहे, आणि चांगली की वाईट हे त्या दिवसावर अवलंबून असतं. वाचून झाल्यावर म्हणाले, "छान आहे. तुम्ही काम काय करता?"

मी म्हटलं, लिहिलंय की त्यात.

"त्यात नाही लिहिलेलं."

मग त्यांनी भिंतीवरचं दरपत्रक दाखवलं. बायोडाटा, लग्नाचा शंभर, नोकरीचा दीडशे. नोकरीचा महाग का, तर म्हणे लग्नाच्याला साचा ठरलेला असतो. वर गणपती, मग रास, नाडी, गोत्र, मामाचं कुळ, अपेक्षा. "नोकरीच्याला विचारावं लागतं."

आणि त्यांनी विचारलं. मी या परीक्षणात खरं तर तेवढंच सांगायला बसले आहे.

एका स्टुलावर मी, मागे झेरॉक्सची रांग, आणि काका दोन बोटांनी नव्हे, दहाही बोटांनी, कीबोर्डकडे न बघता टाइप करत विचारतायत. मी म्हटलं, जीएसटीचं काम बघायचे. "म्हणजे काय बघायचा?" रिटर्न भरायचे. "कुठले?" विक्रीच्या बिलांचं जीएसटीआर-१ आणि कर भरायचं ३बी. "कधी?" एक ११ तारखेला, एक २० तारखेला. "किती बिलं असायची?" महिन्याला विक्रीची दीडशे ते एकशे ऐंशी. "कधी उशीर झाला?" मी जरा थांबले. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हाच्या पहिल्या महिन्यांत सगळ्यांचाच झाला होता, तेव्हा पोर्टल चालायचं नाही, तारखा पुढे जायच्या. पण २०१९ पासून एकदाही नाही. "उशीर झाला तर काय होतं?" दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि कर बाकी असेल तर वर व्याज. काकांनी टाइप केलं: २०१९ ते २०२५, एकही रिटर्न उशिरा नाही, लेट फी शून्य.

ही ओळ बघून मला चक्क लाज वाटली. वेळेवर रिटर्न भरणं हे काय लिहायचं असतं? ते तर करायचंच असतं. काका म्हणाले, "सगळे करतात?" मला आमच्या तीन पुरवठादारांची नावं लगेच आठवली.

त्यातूनच पुढचा प्रश्न निघाला. पुरवठादाराने बिल त्याच्या रिटर्नमध्ये टाकलं नाही की ते आपल्या २बीमध्ये, म्हणजे पोर्टल दर महिन्याला आपोआप बनवतं त्या खरेदीच्या यादीत, दिसत नाही, आणि तिथे दिसलं नाही की त्या बिलावरचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, आपल्याला घेता येत नाही. पैसे आपण देऊन बसलेलो असतो. मी दर महिन्याला १४ तारखेनंतर खरेदीचं रजिस्टर आणि २बी एक्सेलमध्ये शेजारी ठेवून ताळा करायचे आणि राहिलेल्यांना फोन लावायचे. एका प्लेटिंगवाल्याला तर मी सलग चार महिने सोमवारी सकाळी दहाला फोन केला. त्याची बायको फोन उचलून म्हणायची, "तुमच्या त्या टूबीवाल्या मॅडम." काका हसले नाहीत. "असे किती पैसे सोडवले?" मी मोबाइलमधली जुनी शीट काढली. २०२३-२४ या एका वर्षात तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास.

"हे त्या निळ्या कागदावर का नाही?"

कारण मला कुणी विचारलंच नाही. सहा मिनिटांच्या फोनमध्ये त्या मुलीने 'की अचिव्हमेंट्स' विचारल्या होत्या आणि मी म्हटलं होतं, विशेष काही नाही.

यावर काकांचा नियम असा की विचारलं तर कागदावर दाखवता येईल तेवढाच आकडा लिहायचा, आणि मालकाचं गुपित लिहायचं नाही. म्हणून कंपनीची उलाढाल आली नाही, गिऱ्हाइकांची नावं आली नाहीत. आकडेही सगळे माझ्या हातच्या कामाचे: ६२ कामगारांचा पगार, पीएफ आणि ईएसआयसी १५ तारखेच्या आत, तिमाहीला टीडीएसची विवरणं, इतर देण्यांचं २६क्यू आणि पगाराचं २४क्यू. टॅली ईआरपी ९ पासून टॅलीप्राइमपर्यंत. एसएपी गेलं. काकांनी ते खोडताना इतका आवाज केला की रांगेतला मुलगा दचकला.

माझं सगळ्यात कंटाळवाणं काम मी सांगतच नव्हते. आमचे पार्ट प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला बाहेर जायचे. त्यांची चलनं, माल किती गेला, किती आला, किती बाकी. कच्चा माल असेल तर जॉबवर्कवाल्याकडून, म्हणजे बाहेर हे काम करून देणाऱ्याकडून, वर्षाच्या आत परत यायला हवा, नाहीतर तो ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं आणि कर भरावा लागतो. त्याचं आयटीसी-०४ नावाचं विवरण असतं. मी ते एका जुन्या रजिस्टरमध्ये आणि एक्सेलमध्ये दोन्हीकडे ठेवायचे. काकांनी विचारलं, "दिवसातला जास्तीत जास्त वेळ कशात जायचा?" तेव्हा हे बाहेर आलं. ओळ झाली, तिसऱ्या क्रमांकाला गेली.

तीन वर्षांच्या खंडाबद्दल काकांनी फार चर्चा केली नाही. '२०१२ ते २०१५: कुटुंबातील आजारपणामुळे घरी' या अर्थाची एक साधी इंग्रजी ओळ, बस. इंग्रजीबद्दलही सांगायला हवं. काकांचं इंग्रजी टायपिस्टचं आहे. स्पेलिंग चोख, शब्द मोजके. त्यांच्याकडे क्रियापदं चारच: प्रिपेअर्ड, चेक्ड, फाइल्ड, पेड. मला आधी ते गरीब वाटलं. आता वाटतं, अकाउंटंट याखेरीज करतो तरी काय?

एका पानात बसवायचं हा हट्टही त्यांचाच. टाइपरायटरच्या काळात एक चूक झाली की अख्खं पान पुन्हा, आणि दुसरं पान म्हणजे गिऱ्हाइकाला दुप्पट पैसे, त्यामुळे काटकसर बोटांत मुरलेली. माझं दीड पान होत होतं. दहावीचे टक्के गेले, विणकाम गेलं, आणि शेवटी सीएच्या ऑफिसातली २००४ ते २०१२ ही आठ वर्षं तीन ओळींत मावली. त्या आठ वर्षांत मी व्हॅट ऑडिटचे '७०४ नंबरचे' फॉर्म रात्री अकरापर्यंत बसून भरले आहेत, त्याचं थोडं वाईट वाटलं. पण व्हॅट आता कोण विचारतो.

आता तक्रारी, कारण हे दुकान म्हणजे काही तीर्थक्षेत्र नाही.

स्क्रीन रस्त्याकडे तोंड करून आहे. माझा शेवटचा पगार रांगेतल्या चार जणांना आणि एका दूधवाल्याला कळला. पगार सीव्हीत लिहायचाच नव्हता, काकांनी उगाच विचारला, आणि मीही उगाच मोठ्याने सांगितला. दुसरं म्हणजे फाइल. सगळ्यांच्या फाइली डेस्कटॉपवर पडलेल्या असतात. मला तिथे अनोळखी लोकांची आधार कार्डं दिसली. मी माझी फाइल समोर डिलीट करायला लावली, रिसायकल बिनमधूनसुद्धा. तुम्हीही लावा. पेन ड्राइव्ह नेऊ नका, त्या मशीनमधून व्हायरस फुकट मिळतो. मेलवर मागवा.

फाइलचं नाव त्यांनी 'न्यू बायोडाटा मॅडम फायनल २' ठेवलं होतं. भाचीला पाठवल्यावर तिने कपाळाला हात लावला, कारण तिच्याकडे दिवसाला अशा पन्नास 'फायनल' येतात. नाव, आडनाव आणि 'अकाउंट्स' एवढं नाव ठेवून मी परत सेव्ह केली.

आणि डिक्लरेशन! 'मी याद्वारे जाहीर करते की वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे', खाली ठिकाण, दिनांक, सही. भाची म्हणते, कुणी वाचत नाही, काढ. काका म्हणतात, सहीशिवाय कागद म्हणजे कुंकवाशिवाय पत्रिका. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, धर्म हेही त्यांना हवंच होतं. धर्म आणि लग्न मी काढायला लावलं. जन्मतारखेवर तडजोड झाली नाही, ती मी घरी येऊन स्वतः काढली. डिक्लरेशन राहू दिलं. दोन ओळींचं तर आहे, आणि काकांशी मला पुन्हा काम पडणार आहे.

अर्जासोबतचं पत्र त्यांना येत नाही. 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरू करून 'ओबीडियंटली' वर संपवतात, तिथे सही करायची म्हणजे थेट शाळेत जाऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. ते मी चार ओळींचं स्वतः लिहिलं.

नोटपॅडची चाचणी मात्र पहिल्या फटक्यात पास. एक कॉलम, साधी अक्षरं, फोन नंबर अखंड. फाइल शंभर केबीचीही नाही.

निकाल विचाराल तर सीव्हीने नोकरी लागते असं मी म्हणणार नाही. पोर्टलवर टाकल्यावर पहिल्या आठवड्यात आलेल्या फोनांपैकी निम्मे भामट्यांचे होते. 'मॅडम, तुमचं सिलेक्शन झालंय, फक्त रजिस्ट्रेशनचे पंधराशे भरा.' मुलाखत न घेता सिलेक्शन आणि वर पैसे, हे ऐकलं की फोन ठेवायचा, सभ्यपणा दाखवायचा नाही. दोन जणांनी पगाराचा आकडा ऐकून 'कळवतो' म्हटलं. एका ठिकाणी वय विचारलं, जन्मतारीख काढूनसुद्धा. बीकॉमचं २००२ साल तिथेच होतं म्हणा, बोटांवर मोजता येतं.

चाकणच्या एका कंपनीत बोलावलं तेव्हा समोरच्या साहेबांच्या टेबलावर माझं एक पान होतं आणि त्यावर पेन्सिलीने एकच गोल होता. लेट फी शून्यवर नाही, त्या तीन लाख चाळीस हजारांवरही नाही. जॉबवर्कच्या ओळीवर. त्यांचा माल अकरा जॉबवर्कवाल्यांकडे फिरतो आणि कुणाकडे काय पडलंय याचा पत्ता नाही. त्यांनी विचारलं, चलनाचं रजिस्टर कसं ठेवता? मी त्यांच्याच कोऱ्या कागदावर रकाने आखून दाखवले. वीस मिनिटं आम्ही फक्त त्यावरच बोललो. पुढच्या सोमवारपासून मी तिथे जाते आहे. पगार आधीपेक्षा दोन हजारांनी जास्त, प्रवास मात्र दीड तासाने जास्त.

काकांना पेढे द्यायला गेले तर ते एका मुलाला विचारत होते, "स्विगीत होतास, बरं. दिवसाला किती ऑर्डरी? पावसात पण?" मुलगा म्हणत होता, काका, ते सीव्हीत घालायचं नाहीये. मी पेढ्यांचा पुडा काउंटरवर ठेवला आणि निघाले, कारण पुढचे दहा प्रश्न मला पाठ होते.

चोवीसशेवाल्या सेवेला पाचपैकी एक तारा, तोही पीडीएफ वेळेत दिली म्हणून. काकांना चार. एक स्क्रीनच्या दिशेसाठी कापला.

जायचं असेल तर दुपारी दोन ते चारमध्ये जा, तेव्हा शाळकरी पोरं नसतात. रविवारी बंद. दीडशेत दोन प्रिंट धरलेल्या आहेत, पुढची प्रत्येक पाच रुपये. जाण्याआधी जुन्या पगाराच्या स्लिपा, नेमणुकीची पत्रं आणि तुमच्या कामाचे आकडे जमतील तेवढे मोबाइलमध्ये घेऊन जा, नाहीतर काका मध्येच उठवून घरी पाठवतात. जीपे चालतं, पण स्पीकर बिघडलाय, त्यामुळे पैसे आले का हे बघायला काका चष्मा शोधतात आणि रांग तुमच्याकडे बघत बसते. सुटे न्या.